दफ्तर आणि वाडा : मेणवलीच्या निमित्ताने

वाईपासून मेणवली जेमतेम तीन किलोमीटरवर आहे. तिथे पोहोचलेल्या पाहुण्याला सर्वांत आधी दाखवली जाते ती घंटा. कृष्णेच्या चंद्रकोरी घाटावर, मेणेश्वराच्या देवळाशेजारी ती टांगलेली आहे. तिच्यावर बाळ येशूला घेतलेल्या मेरीची आकृती आहे आणि १७०७ हे साल आहे. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकली, त्या विजयाची ही खूण. घंटेनंतर हमखास ‘स्वदेस’चा विषय निघतो. २००४ साली आलेल्या त्या चित्रपटातले चरणपूर उत्तर प्रदेशातले असले तरी त्यातला घाट मेणवलीचा आहे, आणि आमच्या विद्यार्थ्यांना नाना फडणवीस आठवण्याआधी शाहरुख खान आठवतो. त्यात त्यांचा दोष नाही. मग वाडा पाहायचा. एकामागून एक सहा चौक, मातीच्या जाड भिंती, लाकडी खांब, कोनाडे, भिंतींवर टिकून राहिलेली चित्रे. पाहुणे मान वर करून कडीपाट न्याहाळतात, फोटो काढतात आणि घाटावर परततात. या वाड्यात एकेकाळी जो सर्वांत मोलाचा ऐवज होता तो आता तिथे नाही, आणि तो नाही हेही कोणी सांगत नाही. तो ऐवज म्हणजे नानांचे दफ्तर.

फडणीस या शब्दाचे मूळच कागदात आहे. फर्द म्हणजे हिशेबाचा ताव. तो लिहिणारा तो फर्दनवीस. बाळाजी जनार्दन भानू (१७४२–१८००) यांच्या घराण्याकडे पेशव्यांची फडणीशी होती, म्हणजे सरकारच्या जमाखर्चाची नजर होती. पेशवाईतल्या साडेतीन शहाण्यांपैकी नानांना अर्धे मानले गेले, कारण ते तलवारीचे गडी नव्हते. पण ज्या राज्यात प्रत्येक तैनात, प्रत्येक मोहिमेचा खर्च आणि प्रत्येक इनामाची सनद कागदावर चढल्याशिवाय खरी होत नसे, तिथे त्या कागदांवर ज्याचा हात त्याच्याकडे अर्धेच शहाणपण होते असे म्हणणे धाडसाचे आहे. १७६८ साली औंधचे भवानराव पंत प्रतिनिधी आणि साताऱ्याचे रघुनाथ घनश्याम मंत्री यांनी मेणवली नानांना दिली. तिथे त्यांनी वाडा बांधला, घाट बांधला, शिवाचे आणि विष्णूचे अशी दोन देवळे उभारली.

अशा घरात दफ्तर म्हणजे अडगळीची खोली नव्हे. आज आपण ‘अभिलेखागार’ म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर काम संपलेल्या कागदांचे विश्रांतिस्थान येते. अठराव्या शतकातले दफ्तर हा घराचा चालता अवयव होता. कीर्द रोज लिहिली जाई. वर्षाचा ताळेबंद निघे. कागद कापडी रुमालात बांधले जात आणि कोणत्या रुमालात काय आहे हे कारकुनाला ठाऊक असे. या सगळ्यात इमारत हेही एक खाते असे. दिव्याच्या तेलापासून पहारेकऱ्याच्या वेतनापर्यंत आणि गवंड्याच्या मजुरीपासून चुन्याच्या घाणीपर्यंत सर्व काही आकड्यांत उतरे.

इथे थोडे थांबावेसे वाटते, कारण जुन्या वास्तूंविषयी बोलताना आपण बांधणाऱ्याचे नाव घेतो आणि राखणाऱ्याला विसरतो. वाडा एकदा बांधून भागत नाही. नळीची कौले माकडे उचकटतात, वाऱ्याने सरकतात, म्हणून दरवर्षी मृगाच्या आधी शाकारणी करावी लागते. एक वर्ष चुकले तर पागोळीचे पाणी कड्यांत मुरते, दुसऱ्या वर्षी वाळवी येते, आणि चौथ्या-पाचव्या वर्षी तुळई वाकली की लोक म्हणतात, वाडा जुना झाला. तो जुना झालेला नसतो. त्याच्या हिशेबातली एक ओळ लिहायची राहिलेली असते. शाकारणीचा खर्च जिथवर नियमाने पडतो आहे तिथवर घर उभे आहे असे समजावे. या अर्थाने दफ्तर वाड्यात असे, हे खरेच. पण वाडाही दफ्तरात असे.

नाना १८०० मध्ये वारले तेव्हा त्यांना अपत्य नव्हते. मागे राहिलेली पत्नी जिऊबाई अगदी कोवळ्या वयाची होती. दुसऱ्या बाजीरावाने नानांच्या मालमत्तेवर हात टाकला. लोहगडाचा आश्रय, मग इंग्रजांच्या संरक्षणात पनवेलचा मुक्काम, वार्षिक बारा हजारांची नेमणूक आणि पेशवाई बुडाल्यावर पुन्हा मेणवली असा तिचा प्रवास झाला. नानांविषयी आपल्याकडे नाटके आहेत, वाद आहेत, वाक्प्रचारसुद्धा आहेत. या बाईविषयी मात्र फारसे काही नाही. राज्य गेल्यानंतरच्या रिकाम्या काळात त्या घराची मालकीण म्हणून ती राहिली, एवढी नोंद तरी करायला हवी.

राज्य गेले तरी कागदांचे महत्त्व गेले नाही. उलट ते वेगळ्या रीतीने वाढले. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले आणि गावोगावच्या इनामदारांना आपला हक्क सनदा-कागद दाखवून सिद्ध करावा लागला. ज्याच्या पेटीतला कागद कसरीने खाल्ला त्याची जमीनही सरकारने खाल्ली. आपल्या खेड्यांतल्या घरांनी जुने कागद पुढची शंभर वर्षे जिवापाड जपले, त्यामागे इतिहासप्रेम नव्हते, ही भीती होती. ते वाईट झाले असेही मी म्हणणार नाही. हेतू कोणता का असेना, रुमाल राहिले.

त्या भीतीचा अंमल ओसरू लागला तेव्हा संशोधक आले. १८९८ मध्ये विश्वनाथ काशिनाथ राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड काढला. त्यातले पानिपताच्या सुमाराचे कागद वाईलाच सापडले होते. पुढे बावीस खंड झाले. त्याच काळात दत्तात्रय बळवंत पारसनीस (१८७०–१९२६) साताऱ्यात संग्रह करत होते, आणि मेणवलीचे दफ्तर त्यांच्या हाती आले. पारसनिसांचा साताऱ्यातला संग्रह १९३९ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात हलवण्यात आला. भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० मध्ये पुण्यात निघाले होते. राजवाड्यांच्या मृत्यूनंतर त्यांच्या कागदांसाठी १९२७ मध्ये धुळ्याला मंडळ स्थापन झाले. खेड्यांतल्या माळ्यांवरून, पेवांतून, वाण्याच्या पुड्यांच्या गठ्ठ्यांतून या मंडळींनी कागद उचलले नसते तर मराठ्यांचा इतिहास आज लिहिता आला नसता. त्यांच्या ऋणाविषयी दुमत नाही.

पण या थोर कामाची एक बाजू आपण कधी हिशेबात धरली नाही. कागद शहरात गेले आणि वाचले. घरे गावात राहिली. संशोधकांना कागदांतून राजकारण हवे होते: लढाया, तह, वकिलांची पत्रे. ती छापली गेली. चुना किती, सागवान कोठून, गवंड्यांची नावे काय, हे तपशील मागे पडले. घर आणि घराचे कागद यांची ताटातूट झाली ती कायमची. मेणवलीत आज वाड्याच्या कोणत्या चौकाची भर कधी पडली असे विचारले तर भिंत उत्तर देत नाही.

याच्या नेमके उलटे उदाहरण पुण्यात आहे. शनिवारवाडा १८२८ च्या आगीत जळाला. उरले ते जोते, तट आणि दरवाजे. तरीही त्याचा पाया १० जानेवारी १७३० ला घातला गेला, वास्तुशांत २२ जानेवारी १७३२ ला झाली आणि मूळ खर्च १६,११० रुपये आला, हे शाळकरी मुलालाही सांगता येते. आत कोणते दिवाणखाने होते, हेही ठाऊक आहे. वाडा नाही पण कागद आहेत, म्हणून तो मराठी माणसाच्या मनात उभा आहे. मेणवलीचा वाडा आपल्या पायांवर उभा आहे, आणि त्याविषयी सांगण्यासारखे आपल्याकडे घंटा आणि सिनेमा एवढेच आहे.

मोठ्यांच्या वाड्यांचे हे झाले. लहान गावांत दफ्तर असे ते कुलकर्ण्याच्या घरी. माझे आजोळ असेच एक कुलकर्णीपण असलेले घर. सातारा जिल्ह्यातच, पण नकाशावर शोधावे लागेल अशा गावात. १९५० च्या कायद्याने कुलकर्णी वतने रद्द झाली, तलाठी आला. त्यानंतर इनाम निर्मूलनाचे कायदे झाले. १ एप्रिल १९५७ पासून कसेल त्याची जमीन झाली. त्याआधी १९४८ च्या जाळपोळीत या भागातली कित्येक घरे कागदांसकट राख झाली होती. जमीन गेली ती योग्य माणसाकडे गेली, याविषयी माझ्या मनात शंका नाही. पण ज्या उत्पन्नावर त्या घरांची शाकारणी होत असे ते थांबले आणि त्या जागी दुसरी कोणतीही व्यवस्था आली नाही, हेही तितकेच खरे. मुले पुण्या-मुंबईला गेली. माझ्या मामांनी कागदांच्या दोन पेट्या नदीत सोडल्या. जाळणे पाप म्हणून विसर्जन. त्यांच्या दृष्टीने तो आदरच होता. पुढे घर लाकडाच्या व्यापाऱ्याला विकले गेले. खांब आणि तुळया तेवढ्या त्याला हव्या होत्या. पांढऱ्या मातीच्या भिंती लोकांनी हळूहळू उकरून शेतात नेल्या. पांढरीची माती काळीत गेली.

मागे राहिली ती आजोबांची एक वही. त्यात १९४६ पासून दरसाल शाकारणीचा खर्च आहे: कौले शेकड्यात, मजूर, त्यांची नावे, चहापाण्याचे पैसे. शेवटची नोंद १९६१ ची आहे. पुढच्या पानावर मामांनी क्रिकेटचा धावफलक लिहिला आहे.

हे सगळे मी वर्गात सांगतो तेव्हा ते मुकाट ऐकून घेतले जाते असे नाही. एकदा एका विद्यार्थ्याने सरळ विचारले, “सर, फडणवीसांच्या वाड्याशी आमचा काय संबंध? आमच्या आज्याला तिथं उंबऱ्याच्या आत घेतलं नसतं.” प्रश्न खरा होता. जोतीराव फुल्यांनी कुलकर्ण्याला कलमकसाई म्हटले, ते उगाच नव्हे. ज्या लेखणीने शाकारणीचा हिशेब लिहिला तिनेच कुळाच्या नावावर वाढीव बाकी चढवली. माझ्या आजोळच्या पेट्यांत तसले काही नव्हते असे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. त्या नदीत गेल्या, त्यामुळे आता कोणालाच सांगता येणार नाही. त्या दिवशी मला नीट उत्तर सुचले नाही.

पुढे मोडी शिकताना ते हळूहळू सुचत गेले. (मराठीचा एम.ए. होऊन चाळिशीत मोडीची बाराखडी गिरवणे हा विनम्र होण्याचा उत्तम उपाय आहे.) देवळाच्या शिलालेखात नाव असते ते बांधवून घेणाऱ्याचे. बांधणाऱ्याचे नाव दगडावर नसते. असलेच तर ते मजुरीच्या यादीत असते. पाथरवट, बेलदार, सुतार, लोणारी, कौले घडवणारा कुंभार ही माणसे इतिहासात कोठे भेटत असतील तर खर्चाच्या कागदात. आजोबांच्या वहीतल्या शाकारणीच्या मजुरांपैकी तिघांची आडनावे आजही त्या गावात आहेत. मालकाचा वाडा मालकाच्या नावाने ओळखला जाणारच, पण कागद असेल तर तो घडवणाऱ्यांचाही आहे हे सांगायला आधार मिळतो. कागद गेला की त्या वास्तूवर हक्क राहतो तो फक्त मालकाचा, आणि तो तर पुण्याला राहतो. कलमकसायाच्या कलमाविरुद्धचा पुरावासुद्धा त्याच्याच दफ्तरात असतो, हे निराळेच.

दुरुस्तीच्या कामातही कागद नुसता शोभेचा नाही. वाटणीपत्रे घ्या. भाऊ विभक्त झाले की घराचे वर्णन दालनागणिक लिहिले जाई: माजघर कोणाचे, ओसरीचे किती खण कोणाकडे, आडाचे पाणी कोणी केव्हा भरायचे, पन्हळ कोणाच्या अंगणात सोडायची, पूर्वेस काय आणि पश्चिमेस काय. पडलेल्या घराचा याहून चांगला नकाशा मिळत नाही. फक्त त्यातली भाषा यायला हवी. आमच्या एका विद्यार्थिनीने मोडी नीट लावून ‘सोळा खण’ वाचले आणि भावांनी चोळीचे कापड वाटून घेतले असा अर्थ सांगितला. वर्ग हसला, पण दोन खांबांमधल्या गाळ्याला खण म्हणतात आणि आपल्याकडे घर त्या मापाने मोजत, हे त्या वर्गात कोणालाच माहीत नव्हते. जोते, तळखडा, तुळवट, बळद हे शब्द घरांबरोबर पडले. मराठीच्या अध्यापकाने वास्तूंच्या भानगडीत का पडावे, असे विचारणाऱ्यांना मी हे उदाहरण देतो.

आणि चुन्याचे उदाहरण. जुन्या वास्तूला ओल लागली की हौसेने सिमेंटचा गिलावा केला जातो. गावकीने वर्गणी काढून केलेले असे कितीतरी जीर्णोद्धार मी पाहिले आहेत. त्यांच्या श्रद्धेविषयी आदर वाटतो आणि भिंतीविषयी वाईट वाटते. मातीची भिंत ओल घेते आणि सोडते. चुना तिला ते करू देतो, सिमेंट देत नाही. आत कोंडलेले पाणी चार-सहा पावसाळ्यांत भिंत भुसभुशीत करते आणि वरचा गिलावा मात्र गुळगुळीत राहतो. मूळ खर्चाच्या कागदात चुना, वाळू, गूळ, ताग असे सामान लिहिलेले सापडले तर निदान प्रश्न तरी उभा राहतो.

सरकारी योजनांमध्ये या कागदांना जागा शोधणे कठीण जाते. २००३ मध्ये राष्ट्रीय हस्तलिखित मिशन सुरू झाले आणि देशभर पोथ्यांची मोजदाद झाली. पण हस्तलिखिताच्या त्याच्या व्याख्येत पंचाहत्तर वर्षांहून जुनी ज्ञानविषयक पोथी बसते. महसुलाचे कागद, फर्माने यांसारखी ऐतिहासिक कागदपत्रे बसत नाहीत. इमारतीच्या बाजूने पाहावे तर पुरातत्त्वाचा कायदा मोठ्या स्मारकांना पोहोचतो, गावातल्या धर्मशाळेला पोहोचत नाही. पोथी नव्हे म्हणून कागद वगळले जातात, स्मारक नव्हे म्हणून घर वगळले जाते. या दोन्हींना एकत्र धरणारी जागा असलीच तर ती गावातच असू शकते.

म्हणून काही वर्षांपूर्वी आम्ही महाविद्यालयात एक लोखंडी कपाट मागून घेतले. ते मिळवायला दोन वर्षे लागली, त्याची कथा इथे सांगत नाही. दुसऱ्या वर्षाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या गावातली एक जुनी वास्तू निवडायची: वाडा, बारव, चावडी, धर्मशाळा, मशीद, काहीही. टेप लावून मापे घ्यायची, चौकोनी कागदावर नकाशा काढायचा, चारही बाजूंचे फोटो, त्या इमारतीत वापरले जाणारे शब्द, दुरुस्ती शेवटची केव्हा आणि कोणी केली, आणि कोणाच्या घरी तिचा कागद असेल तर त्याची छायाप्रत. मूळ कागद आम्ही घेत नाही. पारसनिसांच्या काळी तो घेणे भाग होते, आज मोबाइलच्या कॅमेऱ्याने भागते. कागद ज्या घरचा त्याच घरी राहिलेला बरा, आणि आपल्याकडे तो आहे हे त्या घरालाही त्यानिमित्ताने कळते. काही फायली उत्तम आहेत, पुष्कळशा आळसाने केलेल्या आहेत, दोघांनी तर एकाच देवळाचा नकाशा एकमेकांचा पाहून उतरवला आहे आणि चूकही तीच केली आहे. ज्या विद्यार्थ्याने उंबऱ्याचा प्रश्न विचारला होता त्याने आपल्या वस्तीवरच्या तालमीची फाइल केली. तालीम विसाव्या शतकातली, कौलारू, कागद म्हणावा तर वर्गणीची एक यादी. ती यादी मी वारंवार वाचली आहे.

गेल्या पावसाळ्यात यांतली एक धर्मशाळा कोसळली. तिच्या जागेवर दुकानगाळे काढण्याचा विचार असल्याचे कानावर आले, आणि आठवड्याभराने त्या गावचे दोन वृद्ध गृहस्थ एसटीने महाविद्यालयात आले. धर्मशाळा किती खणांची होती, आणि तिच्या मागची विहीर तिच्याच हद्दीत होती की नाही, हे त्यांना पाहायचे होते. कपाट उघडून फाइल त्यांच्यापुढे ठेवली. एकाने चष्मा पुसला, बराच वेळ नकाशा पाहिला आणि विहिरीवर बोट ठेवले. त्यांना झेरॉक्स हवी होती. त्या दिवशी वीज नव्हती, म्हणून फाइलच घेऊन गेले; रजिस्टरात दोघांच्या सह्या आहेत. फाइल अजून परत आलेली नाही. ती तिकडे कोणाकोणाला दाखवली जात आहे, असे ऐकतो.